मोघेकाकांचं युनिक्स

जुन्या ऑफिसातली माणसं लग्नकार्यात भेटली, की आधी गुडघेदुखीची चौकशी होते आणि मग कोणीतरी म्हणतं, "ते मोघेकाकांचं सांग ना." एक सांगायला घ्यावं, तर त्याच्या मागून दुसरं येतं. सुरुवात हसण्याने होते. ताट संपेपर्यंत हसू मावळलेलं असतं.

आमचा देवासला सोयातेलाचा कारखाना होता. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी बारावी झाले आणि टायपिंगच्या जोरावर तिथे लागले. एक मोठा कॉम्प्युटर, त्यावर युनिक्स नावाची प्रणाली, आणि त्याला वायरींनी जोडलेले हिरव्या अक्षरांचे टर्मिनल, म्हणजे नुसते स्क्रीन आणि कीबोर्ड. टर्मिनल जोडणं, प्रिंटर लावणं, बंद पडलं की सुरू करणं, हे सगळं मोघेकाका एकटे करायचे.

आणि मोघेकाकांची दृष्टी जात होती. काचबिंदू. जे गेलं ते परत येणार नाही, असं इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात काकू आणि कॉलेजात शिकणारी मुलगी. स्क्रीन दिसत नाही हे वर कळलं असतं, तर नोकरी त्याच दिवशी गेली असती. पुढे हे ऑफिसात दोघांनाच माहीत झालं: मला आणि अकाउंटच्या कोठारीजींना.

*

माझा पहिला दिवस. स्क्रीनवर 'देवास, लॉगिन' असं आलं, की पुढे आपलं नाव टाकायचं होतं. सरकारी फॉर्म भरायची सवय, म्हणून मी सगळं कॅपिटलमध्ये टाकलं. त्यानंतर मशीनने जे काही लिहिलं ते सगळं कॅपिटलमध्ये. काहीही केलं तरी अक्षरं लहान होईनात. मला रडू यायला लागलं.

काका मागे येऊन उभे राहिले. "नाव मोठ्या अक्षरांत टाकलंस ना? याला वाटलं, तुझ्याकडे लहान अक्षरंच नाहीत. तू ओरडलीस, म्हणून तेही ओरडतंय. बाहेर पड, आणि हळू आवाजात परत ये."

मी परत गेले. सगळं शांत झालं. घरी भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, "वहिनीला पण असंच सांग."

*

नवा प्रिंटर आला. पहिलं चलन छापलं, तर पहिली ओळ डावीकडे, दुसरी जिथे पहिली संपली तिथून, तिसरी त्याच्याही पुढे. कागदावर जिना तयार झाला आणि शेवटच्या ओळी कागदाबाहेर पडल्या. ट्रकवाल्याने ते चलन उभं धरलं, आडवं धरलं. "भिया, आपका तेल तो सीढ़ी उतर रहा है. नीचे तक पहुँचेगा कि नहीं?"

काकांनी मला समजावलं. एक ओळ संपली की मशीनला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: खाली उतर, आणि परत डावीकडे ये. दुसरी सांगायची राहिली होती.

ती दुरुस्ती करता करता ते म्हणाले, "उतरायला सगळ्यांनाच येतं. परत यायचं कोणीतरी सांगावं लागतं." तेव्हा मला त्यांच्या डोळ्यांचं माहीत नव्हतं. मी हसले होते.

*

मग प्रिंटर दोन झाले. एक आमच्या खोलीत, एक मॅनेजरसाहेबांच्या. प्रत्येकाला मशीनमध्ये नाव द्यावं लागायचं. काका जुन्या देवासचे. संस्थानाच्या काळी या एका गावात दोन राजे, दोन दरबार. रस्त्याची ही बाजू थोरल्या राजाची म्हणजे थोरल्या पातीची, ती धाकट्या पातीची, हे त्यांनी आजोबांकडून ऐकलेलं. त्यांनी साहेबांच्या प्रिंटरला 'थोरली' आणि आमच्या प्रिंटरला 'धाकटी' अशी नावं दिली.

कोठारीजींनी एकदा जेवणाच्या सुट्टीत मुलीच्या लग्नासाठी बायोडाटा टाइप केला आणि गुपचूप छापायला पाठवला. धाकटीपाशी उभे राहून वाट बघतायत. धाकटी गप्प. तिकडे थोरली करकरायला लागली.

थोड्या वेळाने मॅनेजरसाहेब स्वतः कागद घेऊन बाहेर आले. "कोठारीजी, लड़की तो अच्छी है. पर पिछले महीने शादी में मिली थी, तब इतनी लंबी नहीं थी."

कोठारीजी कागद खिशात घालून जागेवर गेले. ते लग्नही जमलं नाही. उंचीवरूनच मोडलं म्हणे.

*

आमच्या धारच्या डेपोतल्या कॉम्प्युटरला एक टर्मिनल आणि एक प्रिंटर लावायचा होता. मदतीला मला पाठवलं. काकांनी केबलच्या तारा जोडल्या. डाख द्यायचा गरम कावीया बोटाला लागला, तरी हात हलला नाही. टर्मिनल सुरू केलं, तर स्क्रीनभर कसलीतरी चिन्हं.

"काय दिसतंय?"

"चिन्हं आहेत, काका."

"कसली ते सांग. एकेक वाच."

मी वाचत गेले. मला वाटलं, काका मला शिकवतायत. मशीन ज्या वेगाने बोलतंय त्याच वेगाने टर्मिनल ऐकत नाही, हे त्यांनी माझ्या वाचण्यावरून ओळखलं. वेग जुळवला, आणि अक्षरं सरळ झाली. डेपोवाल्याने आम्हाला पोहे-जलेबी खाऊ घातली.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. काकांना डुलकी लागली होती. जागे होऊन म्हणाले, "इंदूर आलं वाटतं. गर्दीचा आवाज येतोय."

बस अजून धारच्या स्टँडवरच उभी होती.

*

त्यानंतर मी आणि काकांनी एक पद्धत ठेवली. ते काम करत असले की मी शेजारी बसून, स्क्रीनवर जे येईल ते ओठांतल्या ओठांत वाचायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, बाई काहीतरी म्हणतेय. कोठारीजींच्या ते लवकरच लक्षात आलं. त्यांनी आपली खुर्ची आमच्या आणि दाराच्या मध्ये सरकवली.

चपराशी रामचंदरने मात्र बाहेर पसरवलं, की देवासच्या टेकडीवरची देवी बाईंच्या अंगात येते. एक दिवस पॅकिंगची एक बाई नारळ घेऊन आली. "बाईजी, पूछ के बताओ ना, मेरा आदमी पीना कब छोड़ेगा?"

मी काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "सांग, लाइन बिझी आहे." ती बाई नारळ ठेवून गेली. तो फोडायला आमच्यापैकी कोणाचाच हात धजला नाही.

*

शेवटी कोणीतरी वर कळवलंच. इंदूरच्या हेड ऑफिसातून एक साहेब आले. येताना नवं टर्मिनल खोक्यात बांधून आणलं होतं. म्हणाले, "मोघेजी, इसे मेरे सामने लगाइए. बाकी सब चुप रहेंगे."

मी शेजारी बसायला गेले, तर त्यांनी मला लांबची खुर्ची दाखवली.

काकांनी खोकं उघडलं. मागची बाजू चाचपून केबल बसवली. मुख्य मशीनवर बसून सगळ्या आज्ञा टाइप केल्या. एकदाही अडले नाहीत. मग नव्या टर्मिनलसमोर येऊन ताठ बसले आणि एंटर दाबलं.

"क्या आया? पढ़िए," साहेब म्हणाले.

काका स्क्रीनकडे बघत होते. स्पष्ट आवाजात म्हणाले, "देवास. लॉगिन."

स्क्रीन काळी होती. उजेडाचं बटण प्रवासात पार खाली फिरलं होतं. मला ते दिसत होतं, कोठारीजींना दिसत होतं. साहेब तर अगदी समोरच उभे होते.

साहेबांनी वाकून बटण हळूहळू वर फिरवलं. हिरवी अक्षरं उजळत आली: देवास, लॉगिन. साहेबांनी ती वाचली. मग बटण पुन्हा खाली फिरवून स्क्रीन होती तशी काळी केली आणि माझ्याकडे वळले.

"ताई, रिपोर्ट में लिखिए. डिस्प्ले ओके."