बाहेर उघडणारं दार

आमच्या नव्या घराच्या पुढच्या दाराला पितळी बिजागऱ्या आहेत. एकेक तळहाताएवढी. माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाने, त्या चिखलीहून स्वतः निवडून आणल्या. कोणी पाहुणा आला की ते दार दोनदा उघडून बंद करून दाखवतात. "आवाज येते का? नाही ना येत?" पाहुणे बिजागरीवर बोट फिरवतात, मान हलवतात. मी चहा घेऊन आत उभी असते आणि माझा जीव जळतो. ते दार तर दिवसभर उघडंच असतं.

मागच्या अंगणातल्या संडासाला गोठ्याच्या मोडक्या फाटकाच्या बिजागऱ्या लावल्या होत्या. दोनच, लहान, गंजलेल्या. "त्याले काय लागते? हेच लावा, वाया कायले घालायच्या," असं भासरे सुताराला म्हणाले, ते मी माझ्या कानाने ऐकलं. दार जड आणि बिजागऱ्या लहान, म्हणून ते पहिल्याच महिन्यात खाली झुकलं आणि फरशीवर घासायला लागलं. वर ते आत उघडणारं. आत जागा एवढीशी की दार लावायचं तर आधी मागच्या भिंतीला चिकटून उभं राहावं, मग दार दोन्ही हातांनी उचलून ढकलावं, मग कडी लावावी. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांना ही कसरत दिवसातून किती वेळा करावी लागत असेल, हे घर बांधताना एकाही माणसाच्या मनात आलं नाही.

माझ्या मनात आलं होतं. पण आमच्याकडे सून भासऱ्यांपुढे बोलत नाही. ते समोर आले की पदर सारखा करून बाजूला व्हायचं. मी तशीही कमी बोलणारी. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोललेली नव्हते. जे सांगायचं ते नवऱ्याला सांगायचं, मग तो त्यांना सांगणार.

"संडासाचं दार बाहेर उघडू द्या म्हणा," मी नवऱ्याला बांधकाम चालू असतानाच सांगितलं होतं. "आत्याबाईंले वळता येत नाही आत."

तो जाऊन आला. "दादा म्हणते, घराचं कोणतंच दार बाहेर उघडत नसते. लक्ष्मी बाहेर जाते. त्यानं मोबाईलवर पाह्यलं."

"संडासातून जाते?"

"म्या काय इचारू त्याले आता?"

त्याने विचारलं नाही, आणि विषय तिथेच संपला.

मग एका सकाळी आत्याबाई आत पडल्या. मी अंगणात भांडी घासत होते. आधी धप्प आवाज आला, मग कण्हणं. मी धावले. "आत्याबाई, कडी काढा!" त्या म्हणाल्या, "हात पुरत नाही वं." त्या दाराला टेकूनच पडल्या होत्या. दार ढकलावं तर त्यांच्याच अंगावर जाणार. आत उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्याही आतल्या बाजूला, बाहेरून त्यांचा मधला खिळा काढायची सोय नाही.

नवरा आणि भासरे आले. नवऱ्याने लाथ मारायला पाय उचलला. मी त्याचा हात धरला. "आई दारालेच टेकून हाय ना!"

वरचं टिन काढायचं ठरलं. मी नवऱ्याला म्हणाले, "मी उतरतो आत. मी बारीक हाय. आत्याबाईचं लुगडं वगैरे सारखं करतो, मंग तुम्ही या." मी हळू बोलले, पण भासऱ्यांनी ऐकलं.

"बायामाणसाचं काम नाही ते," ते नवऱ्याकडे पाहून म्हणाले. "तू उतर बे."

आणि तो उतरला. आत काय होतं ते सांगायची गरज नाही. संडासाला गेलेलं माणूस ज्या अवस्थेत पडेल त्याच अवस्थेत त्या पडल्या होत्या. आतून मला आत्याबाईंचा आवाज आला, "तू नको येऊ रे, तू नको येऊ, तिले पाठव." पडल्यावरही त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या नव्हत्या. नवऱ्याने त्यांना कोपऱ्यात सरकवलं, कडी काढली आणि दार ओढलं तर वरची बिजागरी स्क्रूंसकट उपटून हातात आली.

हाड मोडलं नव्हतं. भासरे म्हणाले, "देवाची कृपा." मला त्या क्षणी त्यांच्या अंगावर भांड्यांचं पाणी फेकावंसं वाटलं.

त्या दिवसापासून आत्याबाई नवऱ्याकडे पाहत नव्हत्या आणि तो त्यांच्याकडे. जेवायला वाढलं की दोघं दोन दिशांना तोंड करून बसायचे. मोडलेलं दार भिंतीला टेकवून ठेवलं आणि भासऱ्यांनी संडासाला जुन्या साडीचा पडदा लावायला सांगितला. "पडद्याले कडी नाही अन काही नाही. पडलीच माय तर लगेच काढता येते," ते म्हणाले. वारा आला की पडदा उडायचा. आमच्या अंगणाची भिंत कमरेएवढी, पलीकडे रस्ता, रस्त्यावर उंद्री गावाकडे जाणारी माणसं.

आत्याबाईंनी पाणी पिणं सोडलं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण मला दुसऱ्याच दिवशी कळलं, कारण त्यांच्याजवळचा तांब्या मीच भरते. सकाळी भरलेला तांब्या संध्याकाळी तसाच. अंधार असताना एकदा जाऊन यायच्या, मग दिवसभर ओठ सुद्धा ओले करायच्या नाहीत. जेवणही अर्ध्या भाकरीवर आलं. लघवीला जळजळ होते म्हणून चिखलीला नेलं तर डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पडतं आहे, औषधापेक्षा पाणी पाजा.

भासरे आत्याबाईंच्या बाजेशेजारी खुर्ची टाकून बसले. "माय, पाणी पेत जाय. एवढं कसं समजत नाही तुले? लहान पोर हाय का तू?"

आत्याबाई म्हणाल्या, "हाव बाप्पा, पेतो."

ते उठून गेले. तांब्या तसाच राहिला. मी चुलीजवळ बसून कणीक मळत होते आणि कणकेवर अशी मूठ मारत होते की हात दुखला. ज्या माणसाने दाराच्या जागी पडदा लावायला लावला तोच वर उपदेश करत होता.

पुढच्या बाजाराला मी मेथी घेऊन चिखलीला गेले. मेथी विकून झाली आणि परतीच्या जीपला वेळ होता. निघताना मी दाराची जाडी आणि उंची सुतळीला गाठी मारून मोजून आणली होती. हार्डवेअरच्या दुकानात मी आधी कधी पाय ठेवला नव्हता. दुकानात सगळे पुरुष. मी बाहेर इतका वेळ उभी राहिले की दुकानदारानेच हाक मारली.

"काय पाहिजे, ताई?"

"कब्जे." आमच्याकडे बिजागरीला दुकानात कब्जाच म्हणतात.

"कोणत्या दाराले?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत सांगितलं. त्याने एक चकचकीत पातळ जोडी पुढे टाकली. मी उघडून पाहिली. दोन्ही पानं एकमेकांत खुळखुळत होती.

"हे तर हलून राह्यलं."

"चालते, ताई. संडासाले काय लागते?"

पुन्हा तेच वाक्य. "काऊन, दादा? संडासात माणूस नाही जात काय?"

एक गिऱ्हाईक हसलं. दुकानदाराने मात्र मुकाट्याने आतून दुसरी पेटी आणली. मी एकेक हातात घेऊन वजन पाहिलं. गंजणार नाही असं स्टील, पान जाड, स्क्रूची भोकं नीट खोल. मोठ्या घेतल्या, आणि तीन घेतल्या, कारण आमचं दार वरूनच उपटलं होतं, वर दोन लावल्या तर भार वाटला जाईल असं मला वाटलं. आणि मधला खिळा वर ओढला की निघेल अशाच पाहिजेत म्हणून सांगितलं.

"मंग दार बाहेर उघडणारं असलं तर बाहेरूनच खिळे काढता येतीन. चोराले सोपं जाईन," तो म्हणाला.

"येऊ द्या चोराले. काय नेईन तो तिथून?"

आता सगळंच दुकान हसलं. मी नाही हसले. सुतळीच्या गाठी त्याच्यापुढे ठेवून मापाचे स्क्रू मागितले.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने सुतार बोलावला. सुताराने दार चौकटीला लावून पाहिलं आणि नेमके भासरे घरी होते. "आत उघडंल असंच बसवा मिस्तरी, जसं होतं तसं," ते म्हणाले.

मी पदर पुढे ओढला आणि सुताराला म्हणाले, "मिस्तरी, बाहेर उघडंल असं बसवा."

सुतार माझ्याकडे पाहायला लागला. नवरा जमिनीकडे. भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, तेही सुतारालाच म्हणाले, "मिस्तरी, तिले सांगा, बाहेर उघडणारं दार या घराले चालत नाही."

"मिस्तरी, त्यांना सांगा, आत उघडणारं आईले चालत नाही."

"चौथी शिकलेली बाई आता आपल्याले वास्तू शिकवून राह्यली, मिस्तरी!"

"अरे बापा," सुतार म्हणाला. त्याने ड्रिल मशीन खाली ठेवलं. "म्या कोणाचं आयकू? तुम्ही एकमेकाले बोला ना."

"मिस्तरी," मी म्हणाले. माझा आवाज थरथरत होता. भीतीने थरथरतो असं त्यांना वाटलं असेल, पण मला इतका राग आला होता की दात वाजत होते. "त्यांना सांगा, दार आत बसवत असतीन तर बसवा. पण उद्यापासून आईले संडासले घेऊन तेच जातीन. लुगडं तेच धरतीन, उठवतीन तेच. बायामाणसाचं काम नाही ना ते? मी नाही नेणार."

अंगणात बाजेवर आत्याबाई होत्या, त्यांनी तोंडावर पदर घेतला. भासऱ्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी चपला घातल्या. "करा काय करायचं ते," असं म्हणून ते गेले. कोणाला म्हणाले कोण जाणे.

सुताराने मशीन उचललं. "वयनी, कब्जे कुठं हायेत?"

दार बसलं. एका बोटाने उघडतं, फरशीला लागत नाही. मी आत जाऊन कडी लावली आणि नवऱ्याला बाहेरून खिळे काढायला लावले. तीनही खिळे निघाले, त्याने दार आपल्याकडे ओढलं, ते हातात आलं. मग त्याने ते परत बसवलं.

भासरे आठ-दहा दिवस घुश्शात होते. मग एकदा पाहुणे आले तेव्हा मी चहा घेऊन गेले तर ते मागच्या अंगणाकडे बोट दाखवून सांगत होते, "म्हाताऱ्या माणसाले दार बाहेर उघडणारंच पाहिजे. लोकं इचारच करत नाहीत." मी ट्रे ठेवला आणि आत आले.

त्यांचं एक वेळ जाऊ द्या. परवा शेजारची काकू आली होती. तिने दाराचं कौतुक केलं तर आत्याबाई म्हणतात, "मोठ्या पोरानं करून देलं, बाई. मोठ्याचं ध्यान राह्यते माह्याकडे." आत्याबाई! ज्यांनी सगळं बाजेवरून ऐकलं होतं. मी स्वयंपाकघरात होते. हातातली पळी मी अशी आपटली की काकूने विचारलं, "काय झालं वं?"

"काही नाही," मी म्हणाले.

"सूनबाई, पाणी आण," आत्याबाईंनी हाक मारली. "गिलास नको. तांब्या आण."

ऊन डोक्यावर होतं, रस्त्यावर वर्दळ होती. मी तांब्या त्यांच्यापुढे जरा जोरातच ठेवला. पाणी सांडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तांब्या दोन्ही हातांनी उचलला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या.