चोवीस दिवस तिला हात लावला नाही

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आमच्या रेवदंड्यात हा किस्सा सांगायला लागलो की निम्मे लोक पहिल्याच वाक्याला हसतात, कारण त्यांना पुढचं सगळं ठाऊक असतं. तुम्ही नवीन आहात, म्हणून तुम्हाला सुरुवातीपासून सांगतो.

माझा टेम्पो आहे. बंदरावरनं मासळी भरायची, अलिबागला पोचवायची, येताना बर्फ आणायचा. वय एकावन्न. वजन विचारू नका. गेल्या वर्षी ते इतकं झालं होतं की स्टिअरिंग आणि मी यांच्यामध्ये पेपर सरकवायलाही जागा उरली नव्हती. साखरेची गोळी चालू होतीच.

पण मला खरं दुःख साखरेचं नव्हतं. सुनंदाचं होतं. सुनंदा म्हणजे माझी बायको. नवीन लग्न झालं तेव्हा आम्ही स्कूटरवरनं चौलला तिच्या माहेरी जायचो. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, गार सावली, आणि मागून वळसा घालून थेट माझ्या शर्टाच्या बटणांपर्यंत आलेला तिचा हात. आता ती मागचं हँडल धरून बसते. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "हात पोचत न्हाय." एवढंच. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

अशात काशीदला एका घरगुती हॉटेलात सुरमई द्यायला गेलो होतो. तिथं मुंबईचा एक पाहुणा उतरला होता. दंड असे की टी-शर्टाची दया यावी. मला चार पायऱ्यांत धाप लागलेली बघून तो म्हणाला, "अंकल, राइस छोडो. भात, भाकरी, पाव, बटाटा, सब बंद. फक्त प्रोटीन. अंडी, चिकन, मच्छी. एक महिन्यात बघा काय होतं ते."

"भाकरी पण?"

"भाकरी तो पहले."

डॉक्टरांना एकदा विचारावं असं मनात आलं. पण विचारलं तर ते नको म्हणतील, म्हणून विचारलं नाही. भाकरी सोडण्याआधी पहिली माती खाल्ली ती इथं.

दुसरी माती म्हणजे सुनंदाला काही सांगितलं नाही. म्हटलं, महिनाभरानं एकदम स्कूटर काढायची, तिला मागं बसवायचं आणि म्हणायचं, बघ आता पोचतो का.

मग काय, रोज सकाळी बंदरावरच्या गाडीवरनं सहा उकडलेली अंडी घ्यायची आणि टेम्पोच्या केबिनमध्ये बसून गुपचूप खायची. दुपारी अलिबागला तंदुरी चिकन. वर काळ्या बाटलीत घुसळलेली प्रोटीनची पावडर. रात्री घरी आलो की "भूक न्हाय" म्हणायचं आणि कालवणातले मासे तेवढे उचलायचे.

आठ दिवसांत पँट सैल झाली. आणि मी वेडा व्हायची वेळ आली.

तुम्ही कधी तांदळाची भाकरी सोडलीय का? सोडू नका. सात वाजले की आतून थापायचा आवाज यायचा. थप, थप, थप. मी ओटीवर बसून तो मोजायचो. मग गरम तव्यावर भाकरी पडल्याचा वास. मग ती फुगायची. मला दिसत नव्हती, पण कधी फुगली ते बरोबर कळायचं, कारण सुनंदाच्या बांगड्या क्षणभर थांबायच्या. एवढी ओढ मला लग्नाआधीही कुणाची लागली नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात डोकं दुखायला लागलं. उठलो की गरगरायचं. पोट साफ होईना, त्यामुळे मी जो भेटेल त्याच्यावर खेकसायचो. पायाचा अंगठा सुजून लालभडक झाला, चाल वाकडी पडायला लागली. आणि तोंडाला एक विचित्र गोडसर वास यायला लागला, पिकून सडलेल्या फळासारखा. मी बडीशेप चघळायला सुरुवात केली.

आता हेच सगळं सुनंदाच्या जागी बसून बघा.

तुमच्यापासून लपवत नाही. मी पूर्वी प्यायचो. जाम प्यायचो. अकरा वर्षांपूर्वी सुनंदा मुलीला घेऊन चौलला निघून गेली होती, चार महिने आली नव्हती. तेव्हा सोडली ती सोडलीच. नंतर त्या विषयावर आमच्या घरात कुणी एक शब्द काढला नाही.

आणि आता हा माणूस रात्री येतो आणि जेवत नाही. तोंडात बडीशेप, आणि बडीशेपेमागून तो सडका गोडसर वास. सकाळी डोकं धरून बसतो. झोकांड्या खात चालतो. टेम्पो धुवायला घेतला तर सीटखाली अंड्यांची टरफलं, कोंबडीची हाडं आणि एक काळी बाटली. दारूचा चखणा याहून वेगळा काय असतो, सांगा बरं.

सुनंदाचं माझ्याशी बोलणंच बंद झालं. ताट वाढायची आणि आत जाऊन बसायची. मला वाटलं, तिच्या हातची भाकरी खात नाही म्हणून रुसलीय. म्हटलं, सहा दिवस राहिलेत. मग बघेल.

चोविसाव्या दिवशी, रविवारी दुपारी, तिचा थोरला भाऊ आला. मोहनदादा. ओटीवर माझ्या शेजारी बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "भावोजी, किती दिवस चाललंय?"

मला वाटलं, सुनंदानं ओळखलं वाटतं. "चोवीस," मी छाती काढून म्हणालो.

"रोज?"

"रोज. एक दिवस चुकवला न्हाय."

त्याचा चेहरा पडला. "आणि सुनंदाला सांगितलं न्हाय?"

"महिना झाला की सांगणार हाय. खूश होईल."

मोहनदादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चला माझ्यासंगं. आमची माणसं जमतात दर रविवारी शाळेच्या खोलीत. सगळे एकाच दुखण्याचे. बोललं की हलकं वाटतं."

"तुम्ही पण जाता?"

"मला सोडून नऊ वर्षं झाली. अजून संध्याकाळ झाली की आठवण येते."

मी त्याच्या पोटाकडे बघितलं. नऊ वर्षं भाकरी सोडून हे पोट? पण मोठ्या माणसाला असं विचारत नाहीत. मोहनदादाही एके काळी प्यायचा आणि त्यानं ती सोडली, हे मला चांगलं माहीत होतं. पण चोवीस दिवस उपाशी असलेल्या डोक्यात ते शिरेल कसं?

शाळेच्या खोलीत पंधरा-वीस माणसं गोल करून बसली होती. मागच्या बाकावर काही बायका, त्यांच्यात सुनंदा. तिला बघून मला बरं वाटलं. म्हटलं, आज सगळ्यांसमोर कळेल तिला, तिच्यासाठी काय सोसलंय ते.

मोहनदादा म्हणाला, "आज नवीन माणूस आलाय. भावोजी, मनात हाय ते बोला."

मी उभा राहिलो. अंगठा ठणकत होता, डोळ्यांपुढे काजवे होते, पण बोलायला लागलो तर थांबेना.

"चोवीस दिवस झाले," मी म्हणालो, "तिला हात लावला न्हाय."

मागं सुनंदानं पदरानं तोंड झाकलं. मला वाटलं, भरून आलं तिला.

"दिवस कसाबसा जातो. पण सांज झाली की राहवत न्हाय. वास आला तरी जीव कासावीस होतो. शेजारी घेऊन बसले की मी तिकडनं जातच न्हाय. काल स्वप्नात आली. हातात घेतली, तोंडाजवळ नेली आणि जाग आली. उशी ओली झाली होती."

खोलीत दोघा-तिघांनी डोळे पुसले.

"लहानपणची सवय. आमच्या आयेनंच लावली. शाळेत जाताना दुधातनं द्यायची."

इथं जरा चुळबूळ झाली. समोरचे एक म्हातारे नाखवा पुढे वाकले. "दिवसाला किती घ्यायचास, बाबा?"

"सकाळी तीन, रात्री चार."

"पाण्यातनं?"

"न्हाय, कालवणातनं."

नाखवांनी शेजारच्याकडे बघितलं. "कालवणातनं कोण घेतं रं?"

"सगळेच घेतात की," मी म्हणालो. "तुम्ही कशासंगं खाता भाकरी?"

पुढं काय झालं ते मी सांगू शकत नाही, कारण त्याच वेळी मी आडवा झालो.

जाग आली ती रेवदंड्याच्या दवाखान्यात. तोंडात साखरेचं पाणी, उशाशी सुनंदा, पायाशी मोहनदादा. त्यांनी मला माझ्याच टेम्पोत घालून आणलं होतं. मोहनदादा डॉक्टरांना म्हणत होता, "दारूच हाय डॉक्टर. भाकरीचं कायतरी बरळत होते. वास घ्या."

डॉक्टरांनी वास घेतला. "ही दारू नाही. काय खाताय हल्ली?"

मग मी सगळं सांगितलं. अंडी, चिकन, पावडर, काशीदचा पाहुणा. डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "भात-भाकरी एकदम बंद केली की शरीर चरबी जाळायला लागतं, त्याचा हा वास. पण तुमची गोळी साखर खाली आणणारी आहे. खाणं बदललंत आणि गोळी तशीच ठेवलीत, मग साखर पार तळाला गेली. आज शाळेत पडलात. उद्या मासळी भरून टेम्पो चालवताना पडला असतात तर?"

अलिबागच्या रस्त्याची सगळी वळणं माझ्या डोळ्यांपुढून गेली.

त्यांनी अंगठा बघितला आणि रक्त तपासायला पाठवलं. युरिक ॲसिड वाढलेलं निघालं. मूत्रपिंडाचा एक आकडाही वर होता. "साखरेच्या माणसाच्या मूत्रपिंडावर आधीच ताण असतो," ते म्हणाले. "त्यात तुम्ही हे ओझं टाकलंत. कदाचित उतरेल. पंधरा दिवसांनी परत बघू."

कदाचित. या एका शब्दावर पंधरा दिवस काढायचे म्हणजे काय, ते मला विचारा.

दवाखान्यातून घरी येताना सुनंदा टेम्पोत माझ्या शेजारी बसली होती. गाडी मोहनदादा चालवत होता. ती म्हणाली, "मी बॅग भरून ठेवली होती. दहा दिवस झाले, कपाटाखाली हाय. रोज म्हणायचे, आज जाते."

"मग गेली का न्हाईस?"

"तुम्ही जेवत नव्हता ना. म्हटलं, चार घास पोटात गेले की जाईन."



पंधरा दिवसांनी आकडा उतरला. डॉक्टरांनी गोळी बदलली, एक कागद लिहून दिला. दोन वेळा बेतानं भाकरी, भाजी भरपूर, मासे हवे तेवढे नव्हे तर लागतील तेवढे, आणि रोज किनाऱ्यानं चालणं. त्या संध्याकाळी सुनंदानं माझ्यासमोर ताट ठेवलं. पांढरीशुभ्र, नुकती फुगलेली भाकरी. मी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

सुनंदा समोर बसून बघत होती. म्हणाली, "एक विचारू?"

मी मान हलवली.

"त्या दिवशी एवढ्या माणसांपुढं भाकरीबद्दल काय काय बोललात. स्वप्न काय, उशी काय. माझ्याबद्दल कधी बोललात असं, तीस वर्षांत?"

आता बघा, अशा वेळी शहाण्या माणसानं तोंडातला घास संपेपर्यंत गप्प बसावं. मी घाईघाईनं गिळला आणि म्हणालो, "अगं, तू काय वेगळी हाय का? तू पण तशीच."

"तशीच म्हंजे कशी?" तिच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं. किती वर्षांनी बघितलं ते.

"गोरी," मी म्हणालो. ती लाजली. "मऊ," मी म्हणालो. ती आणखी लाजली. तिथं थांबायचं होतं. पण मला जोर चढला होता.

"आणि गोल," मी म्हणालो.

तेव्हापासून आमच्या घरी भाकऱ्या मी थापतो. अजून एकही गोल झालेली नाही.