शोफर म्हणजे कोण?

बाळारामकाका कुठल्याही शब्दाला विचारपूस केल्याशिवाय पुढं जाऊ देत नसत. साजगावच्या आमच्या कारखान्यात ते बॉयलरवर होते, मी गेटजवळच्या टाइम ऑफिसात. डब्यावर, पोत्यावर इंग्रजी नाव दिसलं की काका माझ्या खिडकीशी हजर. "ह्यो शब्द आला कुठनं गं?" मला अर्थ तेवढा माहीत असे. "बीए झालीस ना? मंग निस्ता अर्थ काय सांगतीस? कूळ सांग." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे बोलणं झोंबायचं.

मग बॉयलर गॅसवर गेला. लाकूड घालायला माणूस लागेना. काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. पूर्वी टेंपो चालवलेला, लायसन होतं, म्हणून मॅनेजरसाहेबांच्या गाडीवर जागा देऊ केली. नाहीतर घरी बसा. सोमवारपर्यंत सही हवी होती.

"आगीवरचा मानूस मी. आता सायबाची दारं उघडू?" काकांनी कागद माझ्यापुढं टाकला. "काय लिवलंय ह्ये?"

"शोफर. म्हणजे ड्रायव्हर."

"मंग ड्रायव्हरच का नाय लिवलं?"

मी चिडून मोबाइलवर शोधलं, आणि वाचतच राहिले. शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून उचललेला. मूळ अर्थ तापवणारा. इंजिनात कोळसा घालून भट्टी पेटती ठेवणाऱ्याला तिकडं शोफर म्हणत. सुरुवातीच्या काही मोटारीही वाफेवरच्या. निघण्याआधी त्या तापवाव्या लागत. तेच नाव मोटार हाकणाऱ्याला चिकटलं. पुढं पेट्रोल आलं, भट्टी गेली, नाव राहिलं.

काका खिडकीचा गज धरून ऐकत होते. "म्हंजी बॉयलरवालाच की त्यो!" मग म्हणाले, "पन भट्टी गेल्यावर त्या मानसाचं काय झालं?"

"ते यात दिलेलं नाही, काका."

"नायच देनार. आमचं कोन लिवतंय?" त्यांनी कागदाची घडी घातली. "चालवायला शिकला आसंल. दुसरं काय करील?"

असा प्रश्न मला कॉलेजात कुणी विचारला नव्हता. मलाही कधी सुचला नव्हता.

सोमवारी सही झाली. पांढऱ्या कपड्यांतले काका गाडीत बसले. नवे बूट करकरत होते. साहेब घाईघाईनं मागं शिरले. "चला काका, कर्जतला मीटिंग आहे." काकांनी इंजिन सुरू केलं आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसले.

"काय झालं?"

"तापू द्या, सायेब. आपलं मूळचं काम त्ये."

साहेबांना काही कळलं नाही. पण काका निवृत्त होईपर्यंत ते रोज सकाळी मागच्या सीटवर गप्प बसून राहत.