भिंतीच्या डोंगरावरची सुनंदा

बातमी आली तेव्हा मी माहेरी, युसूफ वडगावला होते. रविवारची सकाळ होती. आईजवळ बसून शेंगा फोडत होते. फोन दत्ताभाऊंचा होता, सुनंदाच्या यजमानांचा. ते मला स्वतःहून कधी फोन करीत नसत. "विजयाताई, सुनंदा पडली," एवढंच ते म्हणाले. "फार लागलं का?" मी विचारलं. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला… मग कुणीतरी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि मला म्हणालं, "बाई गेल्या." एसटीत बसल्यावर शिरूर कासार येईपर्यंत मी स्वतःला समजावत राहिले की काहीतरी चूक होतेय, सुनंदा पडत नाही. दुसरीकडे कुठे पडेल, पण भिंतीच्या डोंगरावर नाही.

आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवत होतो. ती भूगोल, मी मराठी. चाळिशी उलटल्यावर सुनंदा सायकलीवर बसली ती अगदी योगायोगानं. तिचा भाचा नोकरीसाठी परदेशी गेला आणि त्याची जाड टायरची, डोंगरात चालवायची सायकल तिच्या ओसरीत ठेवून गेला. तिनं ती आधी पुसली, मग अंगणात चालवली, आणि एका रविवारी थेट डोंगराच्या पायथ्याला नेली. पंजाबी ड्रेसच्या पायाला दोरी बांधून! दत्ताभाऊंचं खत-बियाण्यांचं दुकान. गिऱ्हाईकं तिथं येऊन विचारायची, "मास्तरीणबाई डोंगरात कावून हिंडतेत?" दत्ताभाऊ घरी येऊन चिडायचे. सुनंदा त्यांना ताट वाढायची आणि म्हणायची, "पुढच्या वेळी सांगा, शिकायला गेलीय म्हणून." शाळेतही कुजबुज होतीच. ज्या सहकाऱ्यांनी तेव्हा तिला पाठीमागे "सर्कस" म्हटलं, त्यांनीच आता शोकसभेत रुमाल काढले. हे मी विसरणार नाही.

त्या डोंगराला भिंतीचा डोंगर का म्हणतात, हे तिच्यामुळं मला कळलं. आमच्याकडचा सगळा बालाघाट काळ्या दगडाचा, थरावर थर. पण या एका डोंगराच्या अंगावरून एक सरळ दगडी भिंत वर चढत जाते. दगड असे आडवे, एकावर एक, की कुणीतरी बसून रचलेत असंच वाटावं. राक्षसानं एका रात्रीत बांधली असं गावात सांगतात. सुनंदा मला तिथं घेऊन गेली, दगडावर हात ठेवायला लावला. म्हणाली, "विजे, इथं जमिनीला तडा गेलता. खालून लाव्हा त्यात चढला आन् तिथंच थिजला. आजूबाजूचा मऊ दगड झिजून गेला, हा तेवढा राहिला." तिच्या बोलण्यात त्या वेळी असा हलका थरार असायचा, की जणू तो तडा तिच्यासमोरच गेला होता. भिंतीच्या खाली तांबड्या मातीचा पट्टा लागतो, वरून वाहत आलेल्या लाव्ह्यानं विटेसारखा भाजून निघालेला. भिंतीच्या कडेनं निघायचं, पट्ट्यावरून तिरकं उतरायचं आणि बोरीच्या झाडापाशी वळायचं, ही वाट तिनं चालवून चालवून पाडली. मीही शिकले, भीत भीत. उतारावर मी ब्रेक आवळून धरायची आणि ती खालून ओरडायची, "अगं, दगडाकडं बघू नको, दगडावरच जाशील! वाटंकडं बघ!"

मग ती मुलींना आणायला लागली. आमच्याकडं दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं. आईबाप कारखान्यावर, मुली वसतिगृहात. रविवार म्हणजे त्यांना सगळ्यात लांब दिवस. सुनंदानं इकडून तिकडून जुन्या सायकली मिळवल्या, काही भाच्याच्या मित्रांकडून, काही भंगारातून. मुली घाबरायच्या नाहीत, त्याच मला हसायच्या. एकदा एक पोरगी उताराच्या मध्यावर थांबून किंचाळली, "बाई, ब्रेक धरू का सोडू?" सुनंदा म्हणाली, "थोडा धर, थोडा सोड!" त्या पोरीनं तो पूर्ण सोडला, खाली करवंदीच्या जाळीत जाऊन पडली, आणि ओरखडलेल्या तोंडानं उठून म्हणाली, "पुन्हा!" सुनंदाचा एक नियम होता. मुलींच्या आधी ती स्वतः एकदा वाट उतरून यायची. कुठं दगड सुटलाय, कुठं फांदी पडलीय, ते बघून. मगच खालून हाक देऊन मुलींना सोडायची.

डोंगराचं निसर्ग उद्यान होणार हे कळलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला. झाडं जगतील, भिंतीपाशी माहितीचा फलक लागेल, लांबून मुलं बघायला येतील, असं ती शाळेत सगळ्यांना सांगत सुटली. आलं मात्र यंत्र. उगवतीच्या टोकावर फोटो काढायला चबुतरा करायचा होता, तिथवर रस्ता हवा होता आणि मधे भिंत आडवी येत होती. आम्ही पोचलो तेव्हा यंत्राचा दात भिंतीत घुसला होता. सुनंदा पुढे जाऊन उभी राहिली. कामावर देखरेख करणारा माणूस आला, वाईट नव्हता तो, हसतच बोलला. "बाई, दगडच हाय की शेवटी. डोंगरात दगडाला काय तोटा?"

"असा दुसरा दाखव मला," सुनंदा म्हणाली. "दाखव, मी बाजूला होते."

मग त्यानं कुणाला तरी फोन लावला आणि थोड्या वेळानं आमच्या भागातले पुढारी स्वतः गाडीतून आले. त्यांनी तिला "ताई" म्हटलं, चहा मागवला, विकासाबद्दल बोलले. ती चहा न पिता उभी राहिली. संध्याकाळी आम्ही घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी, आम्ही शाळेत असताना, भिंत फुटली. तिचीच खडी करून त्याच रस्त्यावर पसरली. सुनंदा त्या दिवशी घरी गेल्यावर रडली असेल, माझ्यासमोर नाही. मला एवढंच म्हणाली, "विजे, मी फलक लागेल म्हणत होते बघ…"

वरची भिंत गेली तरी खालचा उतार शिल्लक होता. मुली यायच्याच. उद्यानात जनावरं शिरू नयेत म्हणून चर खोदायचे ठरले, तेव्हा ती पुन्हा त्या देखरेखीच्या माणसाकडं गेली. मी सोबत होते. "जिथं खोदाल तिथं आधी सांगा. निदान एखादं फडकं तरी बांधा. पोरी उतरतेत."

"सांगतो की बाई. सांगणार न्हाई व्हय?"

शनिवारी संध्याकाळी बोरीच्या वळणापलीकडं, बरोबर वाटेवर, चर खोदला गेला. कुणी सांगितलं नाही, फडकं बांधलं नाही. रविवारी सकाळी मुली वर वाट बघत उभ्या होत्या आणि सुनंदा त्यांच्या आधी उतरली. वळणाच्या अलीकडून चर दिसत नव्हता. ती हाक देईना म्हणून मुली पळत खाली गेल्या… पुढचं मी त्यांना कधी विचारलं नाही.

राख सावडून आलो त्या दुपारी मी डोंगरावर गेले. चर बुजवलेला होता. वर माती दाबून झेंडूची रोपं लावली होती, आणि त्यांना पाणीही घातलं होतं. ओल दिसत होती. वेग आवरला नाही म्हणून बाई पडल्या, असं तोवर ठरूनही गेलं होतं. वयाचा विषय निघाला. बाईमाणसानं डोंगरात सायकल कशाला, हा विषय तर निघणारच होता.

शोकसभा उद्यानाच्या दाराशीच झाली. पुढारी बराच वेळ बोलले. सुनंदाताई निसर्गवेड्या होत्या, त्यांच्या नावाची कमान इथं उभी करू, म्हणाले. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या! तेव्हा दत्ताभाऊ उठले. हा माणूस दुकानातही मोठ्यानं बोलत नाही.

"कमान नको," ते म्हणाले. "नावबी नको. चर कुणी बुजवला, तेवढं सांगा."

देखरेखीचा माणूस मागच्या रांगेत होता, तो चपला शोधायला लागला. मग कुणीतरी म्हणालं, "दुःखात हायेत," आणि चहाचे कप फिरले. मुली एका कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलायला सांगितलं नाही. मी उठून म्हणाले, या मुलींनी चर पाहिलाय, यांना विचारा. माईक बंद झाला होता.

कमान उभी राहिलीच. गेल्या आठवड्यात दत्ताभाऊ माझ्याकडं आले आणि म्हणाले, मला तो उतार दाखवता का? इतक्या वर्षांत ते एकदाही वर गेले नव्हते. आम्ही चालत गेलो. भिंतीचा उरलेला तुकडा मी दाखवला, त्यावर त्यांनी हात ठेवला, तांबड्या पट्ट्यावरून चपला घसरत, झुडपं धरत ते खाली आले. मधेच थांबून विचारत होते, "इथं पाय टेकायची का ती? न्हाई? अशीच यायची?" झेंडूंपाशी आले तेव्हा काही विचारलं नाही.

दारातून बाहेर पडताना एक कुटुंब कमानीखाली उभं होतं, नटूनथटून, बहुतेक कडा गावाकडचं. बाईनं दत्ताभाऊंच्या हातात मोबाईल दिला. "काका, एक फोटो काढा ना. वरचं नाव येऊ द्या." त्यांनी मोबाईल नीट धरला, दोन पावलं मागं सरकले, फोटो काढला. ती बाई मोबाईल परत घेताना कमानीकडं बघून म्हणाली, "कोण हो ह्या?"

"मला न्हाई माहीत," दत्ताभाऊ म्हणाले.

रस्त्याला लागल्यावर ते थांबले, तांबड्या मातीनं भरलेल्या आपल्या पायांकडं बघत राहिले.

"मी खोटं न्हाई बोललो, विजयाताई," ते म्हणाले.