कर्णिक मॅडम आणि चौथा कोपरा

कर्णिक मॅडमच्या हातात नवी कोरी लग्नपत्रिका दिली की त्या आधी ती खराब करायच्या. पर्समधून कुंकवाची डबी काढायची, बोट पाण्यात बुडवायचं आणि पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना ओलं कुंकू लावायचं. मग पत्रिका मुठीत दाबायची, पुन्हा उलगडायची आणि तिच्यावरच्या क्यूआर कोडवर फोन धरायचा. फोनवर हॉलचा रस्ता उघडला की म्हणायच्या, "पास." नाही उघडला तर चष्मा काढून माझ्याकडे बघायच्या. समोर बसलेलं गिऱ्हाईक दचकायचं. मी सांगायचो, "घाबरू नका, परीक्षा चाललीय. तुमची नाही, माझी."

माझं लालबागला पत्रिका छापायचं दुकान आहे. वडील गिरणीत होते. गिरणी गेली, तसा मी दुसऱ्याच्या प्रेसमध्ये कागद कापत धंदा शिकलो आणि परब नावाच्या मित्राला घेऊन हे दुकान टाकलं. पुढे परब फुटला आणि त्याने बरोबर माझ्या दारासमोर स्वतःचं दुकान थाटलं. जाताना गिऱ्हाइकंही घेऊन गेला. ते दुखणं होतंच, त्यात लोक फोनवरून आमंत्रणं पाठवायला लागले. देवापुढे ठेवायला आणि मानाच्या माणसांना द्यायला तेवढ्याच पत्रिका छापायच्या. तेव्हा मी पत्रिकेवर क्यूआर कोड घालायला सुरुवात केली. फोन धरा, हॉलचा रस्ता दिसेल, असं सांगून गिऱ्हाईक पटवायचो. तो सीझन हुकला तर दुकान विकायचं, हे मी बायकोला सांगून टाकलं होतं.

आणि नेमके परळचे मेस्त्री भांडायला आले. त्यांच्या मुलीचं लग्न वडाळ्याला, अगदी आतल्या एका हॉलमध्ये होतं. पत्ता सापडायला कठीण, म्हणून मी कोड त्यांच्या गळ्यात मारला होता. तो कोणाच्याच फोनवर उघडत नव्हता.

"घाडी, पाव्हणे काय वडाळाभर फिरत बसणार?"

"तुमच्यासमोर तपासून दिलाय मी. फोन बदला."

"सगळ्या गावाने फोन बदलायचा?"

मेस्त्रींबरोबर एक वयस्क बाई होत्या. मुलीच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायच्या, आता निवृत्त, राहायला फणसवाडीत. त्याच कर्णिक मॅडम. त्यांनी स्वतःला आलेली पत्रिका काउंटरवर ठेवली. "फोन चांगला आहे," त्या म्हणाल्या. "कोडचा डोळा झाकला गेलाय."

दिसायला छान म्हणून मी कोड पत्रिकेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बसवला होता. आणि पत्रिका द्यायच्या आधी आपल्याकडे चारी कोपऱ्यांना कुंकू लावतात. मेस्त्रींच्या घरी तर हौसेने, भरपूर लावलं होतं. कोडच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात. फोन आधी ते शोधतो. त्यातला एक जरी लाल झाला, तरी त्याला कोड दिसत नाही. "पोटातला डाग चालतो," मॅडम म्हणाल्या. "तेवढं तो हिशोबाने भरून काढतो. या कोपऱ्यांतला चालत नाही."

"मग काय, कुंकू लावू नका म्हणून सांगू लोकांना?" मी तडकलो.

"लोकांना राहू द्या, कोड फिरवा. चौथ्या कोपऱ्यात चौकोन नसतो. तो बाहेरच्या बाजूला येऊ दे. लावू दे कुंकू."

दुसऱ्या दिवशी त्या लॅपटॉप घेऊन आल्या. त्यांनी स्वतः लिहिलेला छोटा प्रोग्राम होता. हॉलचा पत्ता टाकायचा, कोडने किती डाग सोसायचा ते ठरवायचं, की कोड तयार. त्यांनी सोसण्याची मर्यादा अगदी वर नेली, कोड फिरवला, आणि आम्ही त्याचे स्टिकर छापून उरलेल्या पत्रिकांवर डकवले. पत्रिका आधीच गेलेल्या घरी मेस्त्री स्वतः जाऊन चिकटवून आले. पाहुणे हॉलवर पोचले आणि माझी पुढची कामं हातची गेली नाहीत.

तेव्हापासून मॅडम दर मंगळवारी यायला लागल्या. भांडणं व्हायची ती सोनेरी रंगावरून. गिऱ्हाइकाला लाल कागदावर सोनेरी कोड हवा असायचा. "लग्न सोनेरी करा," त्या म्हणायच्या, "कोड काळाच राहू दे. आणि भोवती पांढरी जागा सोडा, त्याला श्वास लागतो." मी घासाघीस करायचो, निदान कडेची जागा थोडी कमी? त्या प्रूफवर फोन धरायच्या आणि चष्मा काढायच्या. कागदाच्या व्यापाऱ्यांना मी रडकुंडीला आणलंय, पण या बाईपुढे माझं काही चाललं नाही.

प्रोग्राम त्यांनी माझ्या कॉम्प्युटरवर घालून दिला. मी विचारलं, "काय घेणार?"

"चहा. आणि ओरडणं कमी करा."

इतक्या सहज मिटणारा सौदा मला पचत नाही. मीच अट घातली, हा प्रोग्राम गल्लीत दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही. "ते जमणार नाही," म्हणाल्या, चहा संपवला आणि लॅपटॉप उचलून सरळ समोर, परबच्या दुकानात गेल्या. मी काचेतून बघत होतो. परबने त्यांना खुर्ची पुसून दिली.

त्या परत आल्यावर मी सुनावलं, "माझी गिऱ्हाइकं नेली त्याने. त्यालाच दिलंत?"

"त्याच्याही पत्रिकेला कुंकू लागतं."

"लागू दे. फसू दे त्याचा कोड."

"फसला तर लोक परबला नावं नाही ठेवणार, घाडी. म्हणतील, पत्रिकेवरचे कोड चालतच नाहीत. मग तुमच्याकडे तरी कशाला येतील?"

महिनाभर मी त्यांच्याशी धड बोललो नाही. त्या येत राहिल्या, कुंकू लावत राहिल्या. आणि त्यांचं म्हणणं खरं निघालं, जे मला आजही आवडत नाही. लालबागच्या पत्रिकेवरचा कोड उघडतो, असं लोक एकमेकांना सांगायला लागले. दादर-गिरगावची माणसं आमची गल्ली विचारत यायला लागली. दुकान विकायची गोष्ट घरात पुन्हा निघाली नाही. तरी मी म्हणतो, आधी मला विचारायला हवं होतं.

पुढे फणसवाडीतली त्यांची इमारत पाडायला काढली आणि मॅडम लेकीकडे नागपूरला गेल्या. निरोप घ्यायला आल्या तेव्हा कुंकवाची डबी काउंटरवर ठेवली. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "असू दे, माझ्याकडे दुसरी आहे."

या सीझनला ऐन गर्दीत माझं मशीन बंद पडलं. एका पार्टीला पहिली पत्रिका गावच्या देवाला ठेवायला कोकणात निघायचं होतं, आणि माझ्याकडे छापलेला एक कागद नव्हता. मी दारात उभा राहून फोनवर मेकॅनिकला झापत होतो. समोरून परबचा आवाज आला, "मशीन बंद पडला मां? हाड काम हय."

काम इकडे आण, म्हणत होता. त्याच्याकडे न्यायचं म्हणजे त्याची पायरी चढायची, आणि ती मी कधी चढलो नव्हतो. चढलो. प्रोग्राम तोच असल्यामुळे सगळं जसंच्या तसं उघडलं, कोडही मॅडमनी सांगितला तसाच फिरवलेला. मी उभ्या उभ्या छपाईच्या भावावरून वाद घातला. तोही तसूभर हलला नाही, माझ्याच हाताखाली शिकलाय. पहिली पत्रिका बाहेर आली तशी मी खिशातून डबी काढली. परबने ड्रॉवर उघडला आणि तशीच एक डबी बाहेर काढली. आम्ही दोघं एकमेकांच्या हाताकडे बघत राहिलो. मग दोन कोपऱ्यांना त्याने कुंकू लावलं, उरलेल्या दोन्हींना मी.

त्यातलीच एक पत्रिका मी नागपूरला पाठवली. पोचली तशी मॅडमचा फोन आला.

"पास. पण ही छपाई तुमची नाही."

"परबची. मशीन बंद होतं माझं," मी म्हणालो. "पण मी काही विसरलेलो नाही हां, मॅडम. मनात आहे ते आहेच."

"असू दे की," त्या म्हणाल्या. "पोटातला डाग आहे तो. चालतो."