आधी तुमचं होऊ द्या

समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा एकच माणूस आता जगात उरला आहे, आणि आमच्या दुर्दैवाने तो माझा आतेभाऊ आहे. दुर्दैवाने अशासाठी म्हणते की हा माणूस नोकरी शोधतोय, आणि हल्ली बरी नोकरी ज्या दारातून मिळते त्या दाराचं नाव ग्रुप डिस्कशन. आठ-दहा उमेदवार एका टेबलाभोवती बसवायचे, एक विषय त्यांच्यापुढे टाकायचा, पंधरा मिनिटं त्यांना एकमेकांवर सोडायचं आणि आपण कोपऱ्यात बसून गुण द्यायचे. मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण मालाडच्या एका ऑफिसात कोपऱ्यात बसून गुण देणारी बाई मीच. कोण पहिल्या मिनिटात तोंड उघडतं, कोण दुसऱ्याचा मुद्दा उचलून बेमालूम आपला करतं, कोण आवाज न चढवता मध्ये घुसतं, हे मला लांबून नुसत्या खांद्यांवरून कळतं. आणि माझ्याच सख्ख्या आत्याचा मुलगा वर्षानुवर्षं या टेबलावर आपटी खातोय. कपाळ माझं, दुसरं काय!

आमच्या घरात त्याला ‘अध्यक्ष’ म्हणतात. हा रोग त्याला विहारात जडला. काका, म्हणजे आत्याचे यजमान, महापालिकेत होते आणि घाटकोपरला वस्तीतल्या विहाराच्या कमिटीचे कैक वर्षं सचिव. रविवारची सभा ते एकाच नियमावर चालवत. सगळ्यांचं एकेकदा बोलून झाल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही, आणि सभा चालवणाऱ्याने सगळ्यात शेवटी बोलायचं. मागच्या रांगेत पदर तोंडाला लावून बसलेल्या म्हाताऱ्यांनाही काका नावाने विचारत, ‘अनुसयाबाई, तुमचं काय म्हणणं?’ आणि जयंतीच्या मिरवणुकीचा रस्ता अनुसयाबाईंच्या म्हणण्यावरून बदललेला मी स्वतः पाहिलाय. नियम चांगलाच होता, कोण नाही म्हणतंय. पण हे पोरगं काकांच्या मांडीला मांडी लावून लहानाचं मोठं झालं आणि त्याची समजूत झाली की जगात सगळीकडे असंच असतं.

त्याच्याबरोबर हॉटेलात जाणं म्हणजे जन्मठेप. वेटर उभा, आणि हा टेबलावरच्या एकेकाला विचारणार, ‘तुझं काय? नाही नाही, नीट ठरव, घाई नाहीये.’ माझी मुलगी वर्षाची होती तेव्हा तिलाही विचारलं. तिने चमचा भिरकावला, तर हा गंभीरपणे म्हणतो, ‘तिचा विरोध दिसतोय.’ तोवर वेटर जो गेला तो गेलाच. आत्याच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी गळत होती, तिच्यासाठी सभा भरली. ठराव पास होणार, चहा येणार, एवढ्यात अध्यक्षांनी तिसऱ्या मजल्यावरच्या एका अबोल म्हाताऱ्या गृहस्थांकडे वळून विचारलं, ‘बाबा, तुमचं राहिलं.’ त्या माणसाला बिल्डिंगमध्ये राहायला आल्यापासून कुणी काही विचारलं नव्हतं. ते जे सुरू झाले ते पार्किंग, कबुतरं, लिफ्टमधला पंखा आणि स्वतःचे तिन्ही जावई असं करत थांबले तेव्हा माणसं उठून गेली होती आणि चहा निवला होता. टाकी अजून गळतेय.

त्याच्यासाठी मुलगी बघायला आम्ही मुलुंडला गेलो होतो, तो दिवस तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. मुलगी छान, शिकलेली, घरचे लोक मोकळे. आत्याने तर मनातल्या मनात साड्याही घेऊन टाकल्या होत्या. आमच्या अध्यक्षांनी मुलीच्या आजीचं मत घेतलं, धाकट्या भावाचं घेतलं, आणि मग सगळ्यांच्या देखत मुलीला विचारलं, ‘आणि तुमचं? अगदी मोकळेपणाने सांगा.’ ती मोकळेपणाने म्हणाली, ‘मला आत्ता लग्नच करायचं नाहीये. पुढे शिकायचंय.’ हातातले पोहे तसेच ठेवून आम्ही उठलो. जिन्यात आत्या कडाडली, ‘हातची मुलगी घालवलीस की रे मेल्या!’ तर हा म्हणतो, ‘पण आई, खरं बोलली ना ती.’ ती मुलगी पुढे खरंच शिकायला गेली आणि अजून दर जयंतीला याला न चुकता मेसेज करते.

आता असा माणूस ग्रुप डिस्कशनला बसला की काय होणार? विषय जाहीर होतो, सगळे एकदम तुटून पडतात, आणि हा सावरून बसत म्हणतो, ‘आधी तुमचं होऊ द्या.’ मग टेबलावर कोण गप्प आहे ते हुडकून काढतो आणि त्याला बोलतं करतो. बोरिवलीचा एक मुलगा घामाने ओला होऊन बसला होता. याने त्याला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्याचं अडखळलेलं वाक्य पुरं करायला मदत केली. तो मुलगा लागला. पेढे घेऊन घरी आला होता बिचारा, आणि आत्याने ते पेढे ज्या चेहऱ्याने घेतले तो चेहरा देवाने वैऱ्यालाही दाखवू नये. याच्या कृपेने नोकरीला लागलेल्यांची एक वेगळी सोसायटी काढता येईल, आणि तिच्याही सभेत हा शेवटीच बोलेल. त्याची पाळी यायच्या आत पंधरा मिनिटं संपतात. गुण देणारा माणूस काय लिहिणार? मी असते तरी शून्यच दिलं असतं, आणि वर घरी येऊन रडले असते.

यंदा मात्र हसण्यावारी नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मुलुंडच्या एका कर्ज देणाऱ्या ऑफिसात तो अकरा महिन्यांच्या कंत्राटावर काम करतो. अकरा महिने झाले की घरी, मग पुन्हा नवं कंत्राट, आणि या वेळी ते पुन्हा देणार नाहीत असं त्याला सांगून झालं होतं. काका निवृत्त, त्यांचे गुडघे गेलेले. अंधेरीच्या एका मोठ्या कंपनीत कायमची जागा निघाली, लेखी परीक्षेत हा पहिल्या दहांत आला. वयाची अट तिशीची, आणि दिवाळीनंतर याला तीस वर्षं पूर्ण होत होती. म्हणजे ही शेवटची. अशा बऱ्या जागांना सगळीकडे तीच अट असते. हे आत्याला माहीत होतं, काकांना माहीत होतं, आणि मला तर रात्री झोप लागेनाशी झाली होती.

मग मी कंबर कसली. शनिवार-रविवार घाटकोपरला जायचं आणि आत्याच्या हॉलमध्ये खोटं ग्रुप डिस्कशन लावायचं. उमेदवार म्हणजे मी, आत्या, काका, शेजारच्या वहिनी आणि अध्यक्ष. विषय ‘ऑनलाइन शिक्षण योग्य की अयोग्य’. पहिल्याच दिवशी आत्याने आम्हा सगळ्यांना सपाट केलं. विषयाला हातही न लावता ती गॅस सिलिंडरवर बोलली, मध्ये आलेल्या काकांना ‘तुम्ही थांबा हो’ म्हणून गप्प केलं आणि शेवटी निष्कर्षही स्वतःच काढला. ही बाई कुठल्याही कंपनीत थेट मॅनेजर लागली असती. आणि तिचा मुलगा? तो वहिनींकडे वळून विचारत होता, ‘वहिनी, तुम्हाला काही म्हणायचं होतं का?’

‘अरे गधड्या,’ मी ओरडले, ‘त्यांना काही म्हणायचं नव्हतं! आणि असलं तरी तुझ्या बापाचं काय जातंय?’

‘ताई, पण त्यांचा हात वर होता.’

‘तो पंख्याकडे होता रे!’

काकांनी तर डोक्याला हात लावला. ‘सभा वेगळी, नोकरी वेगळी,’ ते त्याला कळवळून सांगायचे. ‘ते मी वस्तीसाठी शिकवलं होतं. हे पोटासाठी आहे. इथे घुसायचं, बाळा.’ हे बोलताना त्यांचा आवाज कसा व्हायचा ते मला अजून आठवतं. स्वतःच्या हाताने लावलेलं झाड स्वतःच कापायला बसल्यासारखे ते दिसायचे. मी त्याला युक्ती शिकवली. समोरचा श्वास घ्यायला थांबला की त्या फटीत घुसायचं, सिग्नलला रिक्षा घालतात तशी. ‘मी याला एवढंच जोडेन’ असं गोड तोंडाने म्हणायचं आणि मग जोडायचं नाही, तोडायचं. टेबलाखालून मी त्याच्या पायावर पाय मारायचे, तो दचकून बोलायला लागायचा. हळूहळू जमायला लागलं. एके रविवारी त्याने चक्क आत्याचं वाक्य तोडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याला मात्र घाम फुटला होता आणि तो आईला दोनदा सॉरी म्हणाला.

आणि अंधेरीला त्या दिवशी पठ्ठ्याने खरंच करून दाखवलं. विषय होता, शहरात खासगी गाड्यांवर बंदी असावी का. पहिलं वाक्य याचं. आकडेवारी याची. दोन मुलं हमरीतुमरीवर आली तेव्हा त्यांना सावरणाराही हाच. माहुलची एक मुलगी बऱ्याच वेळाने धीर करून म्हणाली, ‘पण आमच्या इथे जर...’ आणि श्वास घ्यायला थांबली. हा त्या फटीतून आत गेला, ‘मी याला एवढंच जोडेन’ म्हणाला आणि वेळ संपेपर्यंत बोलत राहिला. अर्ध्या तासाने यादी वाचली. टेबलावरच्या आठांपैकी दोघं मुलाखतीला, आणि पहिलं नाव याचं. झकास! सात वर्षांत पहिल्यांदा!

बाकीच्यांना घरी जायला सांगितलं. ती माहुलची मुलगी पर्स उचलून लिफ्टकडे गेली. आणि आमचे अध्यक्ष दारावरच्या माणसाला ‘दोन मिनिटांत आलो’ सांगून तिच्या मागे खाली उतरले. सगळ्यांचे फोन तिथल्या नियमाप्रमाणे आधीच जमा करून घेतलेले, म्हणजे याला फोन करून बोलवायचीही सोय नाही. गेटबाहेरच्या चहावाल्याजवळ याने तिला गाठलं आणि म्हणाला, ‘तुमचं वाक्य मी तोडलं. काय म्हणत होतात?’

ती आधी रडली. मग बोलली. वाक्य मोठं निघालं. तिचे वडील होडीवर जातात, आई मासळी विकते. पहाटे पाट्या घेऊन बाजारात पोचायला भावाची जुनी गाडी आहे म्हणून घर चालतं, बस त्या वेळेला नसते आणि मासळीच्या पाट्या बघून रिक्षावाले थांबत नाहीत. हा ऐकत राहिला. मध्ये एकदाही बोलला नाही. वर याचं नाव तीनदा पुकारलं गेलं. मग दुसऱ्या उमेदवाराला आत घेतलं. हा धावत वर पोचला तेव्हा तिथल्या बाईंनी सांगितलं की ज्याला स्वतःच्या मुलाखतीचं भान नाही त्याच्यासाठी पॅनेल थांबत नसतं. त्याने विनवण्या केल्या. दार उघडलं नाही. खाली ती मुलगी बसची वाट बघत उभी होती, तिने विचारलं, ‘झाली मुलाखत?’ तर हा ‘झाली’ म्हणाला. तिला वाईट वाटलं असतं ना, हे आम्हाला दिलेलं कारण.

संध्याकाळी घाटकोपरला आम्ही सगळे बसलो होतो. आत्या बोलली, घर डोक्यावर घेऊन बोलली, मग भिंतीला टेकून रडली. काका बोलले. ‘कुणी सांगितलं होतं रे ऐकायला?’ असं म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. मी तर जिभेला हाड नसल्यासारखी बोलले. स्वार्थी म्हणाले, मूर्ख म्हणाले, म्हातारपणी यांना कोण सांभाळणार ते विचारलं. तो आमच्यातल्या एकेकाकडे बघत होता, बोलणाऱ्याचं पुरं होईपर्यंत थांबत होता. पाणी प्यायलासुद्धा उठला नाही. शेवटी सगळ्यांचं बोलून संपलं, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की या घरात, या अख्ख्या मुंबईत, त्याला कधी कुणी विचारलेलंच नाही.

‘तुझं काय म्हणणं आहे?’ मी विचारलं.

मी दुसऱ्या कुणाला विचारतेय की काय, म्हणून त्याने आधी मागे वळून बघितलं.

‘मला ती नोकरी हवी होती गं ताई,’ तो म्हणाला. ‘खूप हवी होती.’

आणि मग तो बोलत राहिला, बराच वेळ, आधी अडखळत, मग डोळे पुसत. आम्ही कुणीच मध्ये बोललो नाही.