वखारीच्या उंबऱ्यावरची पावलं

निजामाचं राज्य गेलं त्याच सुमारास धापूबाईंचा नवराही गेला. बाईंनी हसनाबादेतली कापसाची रिकामी वखार गावातल्या बायांना उघडी केली. गेरू-चुना घ्या, भिंतीवर हवं ते काढा. चांगलं येतं का, असं कुणी विचारायचं न्हाई. मी काढलेला बैल डुकरासारखा दिसायचा, तरी बाईंनी तो पुसू दिला न्हाई. मारवाड्यांच्या सुना अन् आम्ही कुणब्यांच्या बाया एकाच वाटीत बोटं बुडवायचो. बाई स्वतः मात्र कधी गेरूला शिवल्या न्हाईत. विधवेच्या हातचं अशुभ, म्हणे! ज्यानं हे ठरवलं त्याचं तोंड जळो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्यांचे दीर हुकमचंद कुलूप घेऊन आले.

"भाभी, हा तमाशा बंद. निघा सगळ्या, जल्दी!"

आम्ही भिंतीला चिकटलो.

बाईंनी गेरूची वाटी ओढली, उंबऱ्याशी बसल्या आणि बाहेरून आत येणारी लक्ष्मीची पावलं काढू लागल्या.

"तुमच्या हातची पावलं चालत न्हाईत," हुकमचंद ओरडले.

"मंग पुसा," बाई म्हणाल्या. "आज लक्ष्मी दारात आलीय. पुसा तिला, अन् लावा कुलूप."

हुकमचंदांनी पाय पुढं केला. पाय तसाच मागं गेला. त्यांनी कुलूप खिशात टाकलं, चपला काढल्या आणि हात जोडले.

विधवेच्या हातच्या पावलांना.